पुढच्या डाव्या चाकाखाली

१

डाग त्या दिवशीही होता.

दुर्गाबाईनं तो ओसरीवरूनच ओळखला. अजून नीट फटफटलंही नव्हतं. अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीनं झाकलेली जीप उभी होती आणि तिच्याशेजारी तिचा नवरा बद्रीनाथ उकिडवा बसला होता. त्यानं जमिनीला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि मग हात तसाच गुडघ्यावर ठेवून तो बसून राहिला. दसरा झाल्यापासून रोज सकाळी हेच चाललं होतं.

"आजबी हाय?" तिनं विचारलं.

"हाय."

"पुसून टाका न मंग. वर माती टाका."

"टाकून काय करू? उद्या दादा पुन्हा सांडतो."

दादा म्हणजे भुजंग, बद्रीनाथचा थोरला भाऊ. गेल्या वर्षीच्या कार्तिकात तो याच जीपमध्ये गेला होता. आष्टीहून परतूरला जाताना नाल्याचा मोठा उतार लागतो आणि खाली वळण आहे. तिथं जीपचे ब्रेक लागलेच नाहीत. पंचनाम्यात लिहिलं होतं की घरीच केलेल्या ब्रेकच्या कामात कसर राहिली. ते काम बद्रीनाथनं केलं होतं, स्वतःच्या हातानं.

जीप बैलांनी ओढून घरी आणली, कोपऱ्यात उभी केली, वर ताडपत्री टाकली. वर्षभरात तिच्या दुरुस्तीला कुणी हात घातला नव्हता. ब्रेकच्या पेंडलखालच्या पत्र्याशी असलेली ऑइलची टाकी कोरडी ठणठणीत होती. कडूबा गड्यानं ती एकदा उघडून सगळ्यांना दाखवलीही होती. गाडीत थेंबभर ऑइल नाही, आणि तरी रोज पहाटे तिच्या खाली रुपयाएवढा तेलकट डाग.

म्हातारी सासू गोजरबाई म्हणे, माझा भुजंग पाणी मागून राह्यलाय. बद्रीनाथ जेवायला बसे आणि भाकरी तशीच ठेवून उठे. वर्षभरात त्याचं अंग निम्मं झालं होतं. दिवसातून चार चार वेळा तो राखेनं हात घाशी. म्हणे, ऑइलचा वास जात न्हाई. कातडी सोलवटली तरी घाशी.

त्या दिवशी शाळा भरायच्या आधीच दुर्गाबाई सत्यशीलाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. तिची थोरली पोर बाईंच्या वर्गात होती, आणि बाईंचे वडील घनसावंगीहून चार दिवस लेकीकडे राहायला आलेले तिनं ऐकलं होतं.

"बाई, तुमचे वडील मोटारीचे मिस्तरी व्हते न?" ती म्हणाली. "त्यायला एकडाव आमच्या घरी धाडा. देवऋषी झाले, अंगारे झाले. आता मानूस चाललंय माझं."

२

बाईंच्या वडिलांनी, तातेरावांनी, तीस वर्षं मोटारींच्या डेपोत काम केलं होतं, त्यातली शेवटची आठ हेड मिस्त्री म्हणून. निवृत्त झाले तरी त्यांच्या कापडी पिशवीत नट खोलायचे तीन पाने, एक बॅटरी आणि स्वतःचा पितळी पेला असेच. पेला बरोबर असला की गावातल्या कुठल्याही घरी चहा कशात द्यायचा, हा पेच पडत नसे. दुर्गाबाईनं चहा त्या पेल्यात ओतला. गोजरबाईनं पाहिलं आणि मान वळवली. तातेरावांनी फुंकर मारत चहा संपवला आणि मगच बद्रीनाथकडे पाहिलं.

"दुरुस्ती कशाची केल्ती?"

"मागच्या उजव्या चाकातलं रबर गेल्तं. ऑइल ड्रममधी उतरून राह्यलं व्हतं." बद्रीनाथ जमिनीकडे बघत बोलत होता. "परतूरचा मिस्तरी लग्नाला गेल्ता. मी म्हणलं, आपनच करू. विहिरीचं इंजन मीच खोलतो, मीच बसवतो. दोन दिवस लागले."

"नळ्यांतली हवा काढली?"

"चारी चाकांची. दादा पेंडल दाबीत व्हता, मी खाली पडून. पेंडल दगडावानी झाला तवाच सोडलं."

"आन गळती? ती पाह्यली का न्हाई?"

बद्रीनाथनं पहिल्यांदा मान वर केली. "दिवेलागणीला चार कागद घातले. वर्तमानपत्राचे. येका चाकाखाली येक, वर खडा ठिवला. म्हणलं, सकाळपस्तोर कुठं थेंब पडला तर कागद सांगंल."

तातेरावांनी मान हलवली. डेपोत नवीन माणसाला ते हेच शिकवत. हात कितीही चांगला असो, काम झालं की कागदाला विचारायचं.

"मंग सकाळी कागदानं काय सांगितलं?"

ओसरीच्या टोकाला भुजंगची विधवा चतुराबाई सुपात जवारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"मला ताप भरला व्हता," बद्रीनाथ म्हणाला. "ही सेलूहून, म्हायेराहून, ल्हान्या लेकराला घिऊन येनार व्हती. परतूर टेसनावर आगगाडी सकाळी येते. जायचं मी व्हतं. पन दादा खाटंजवळ आला, म्हणला, तू पड, मीच घिऊन येतो. मी इचारलं, कागद? तर म्हणला, चारी कोरडे हायेत. मी कूस बदलली."

त्यानं सोललेले हात एकमेकांवर दाबले.

"कूस बदलली, मिस्तरी. उठून दोन पावलं जाऊन पाह्यलं न्हाई."

दुर्गाबाई खांबाला टेकून उभी होती. त्या दिवशी ती दुपारपर्यंत स्टेशनावर बसून होती, दोन महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन. जीप येईल म्हणून रस्त्याकडे बघत. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण वर्षभर स्वप्नात ती तिथंच बसलेली असे.

"दादा जल्मात खोटं बोलला न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. "कागद कोरडे व्हते. मंजे सांधे बराबर व्हते. मंग ऑइल गेलं कुठं? आन तवा गेलेलं आता वरसानं कामून येऊन राह्यलंय?"

तातेरावांनी पेला पिशवीत ठेवला. "उद्या सकाळी येतो," ते म्हणाले. "तुमच्याबी आधी."

३

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना ते अंगणात शिरले, तेव्हा सडा नुकताच पडला होता. शेणाच्या पाण्याचा ओला वास हवेत होता. बद्रीनाथ ओसरीवरून उतरला आणि दोघं मिळून जीपजवळ गेले.

डाग होता. पुढच्या डाव्या चाकाखाली, आतल्या बाजूनं.

तातेराव लगेच खाली वाकले नाहीत. त्यांनी बॅटरीचा उजेड जमिनीवरून सावकाश फिरवला. सड्याचे शिंतोडे अंगणभर सारखे पडले होते, जीपच्या मागं, पुढं, दुसऱ्या तिन्ही चाकांपाशी. फक्त या एका चाकाजवळ हातभर जमीन कोरडी होती. मग पेल्यात पाणी मागवून, गुडघे टेकून त्यांनी ते डागावर थोडंसं ओतलं.

पाण्यावर तेलाचे बारीक बारीक डोळे तरंगले.

"बघा," ते म्हणाले. "ब्रेकचं ऑइल पाण्यात विरघळतं. हे वर येऊन बसलंय. वास घ्या."

"रोज घेतो मी वास."

"तुमी ज्याचा वास यावा म्हणता तोच घेता. नीट घ्या."

बद्रीनाथनं बोट नाकाशी नेलं. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग गोंधळला. "एरंडेल," तो म्हणाला.

एरंडेलाची बाटली ओसरीच्या कोनाड्यात असे. गोजरबाई गुडघ्यांना चोळी, कडूबा गाडीच्या आसाला घाली, भुजंगच्या फोटोपुढचा दिवाही त्याच तेलाचा. घरातल्या प्रत्येकाचा हात तिला लागत होता.

"भूत असतं तर त्यानं ब्रेकचंच ऑइल आनलं असतं," तातेराव म्हणाले. "हे कुन्या जित्या मानसाचं काम हाय. पन मला येक सांगा. तुमी खोललं मागचं उजवं चाक. सगळ्या गावाला तेच ठाऊक. डाग पुढच्या डाव्याखाली कामून?"

चाळीस दिवस बद्रीनाथ डागाकडे बघत होता. चाक कुठलं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तातेरावांनी ताडपत्रीची दोरी सोडली. बद्रीनाथ मागं सरला, पार भिंतीला टेकला. पत्रा चेपलेला होता, समोरची काच नव्हती. चालकाच्या जागेवर नाल्यातला काळा चिखल वाळून भेगाळला होता. त्या काळ्या मातीकडे बघून ओसरीवर गोजरबाईनं सूर काढला, आणि दुर्गाबाईनं तिला धरून आत नेलं.

आधी तातेरावांनी मागचं उजवं चाक काढलं. ड्रम गंजानं धरला होता, ठोकून ठोकून सुटला. आत बॅटरी मारून त्यांनी बराच वेळ पाहिलं, रबराच्या कडेवरून करंगळी फिरवली.

"या हितं."

"न्हाई, मिस्तरी."

"या म्हनलं न."

बद्रीनाथ आला. आत धूळ होती, गंज होता. ऑइलचा ओघळ कुठंच नव्हता. रबर जसं बसवलं तसंच, गोल, सरळ.

"माझ्या डेपोतल्या पोरांनी असं बसवलं असतं तर म्या शाबासकी दिली असती," तातेराव म्हणाले. "तुमचं काम बिलकुल जागेवर हाय."

त्याला रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. पण बद्रीनाथ नुसता ड्रममध्ये बघत राहिला, एखाद्यानं परक्या भाषेतलं पत्र हातात द्यावं तसा.

मग ते पुढच्या डाव्या चाकाकडे वळले. तिथं चेसीवरून चाकाकडे एक आखूड रबरी नळी जाते, चाक वळलं की तिनं वाकायचं असतं. ती मधोमध फुटली होती. जीपला चारी चाकांना मिळून ऑइलचा एकच रस्ता. ही नळी फुटली की पेंडल थेट पत्र्याला टेकणार आणि चारातलं एकही चाक धरणार नाही. पण तातेरावांचं लक्ष फुटलेल्या तोंडाकडे नव्हतं. त्या नळीवर लांबीभर एक उभी उमटलेली रेघ असते. ती सरळ हवी. इथं ती नळीभोवती वेलासारखी वर चढली होती. आणि टोकाच्या पितळी नटावर, सहाही कोपरे मोडून, दातांच्या खाचा होत्या.

"तुमी पक्कड लावल्ती का हितं?"

"नटाला पक्कड?" बद्रीनाथ दुखावल्यासारखा म्हणाला. "कधीच न्हाई. माझ्याकडं पाने हायेत. आन ह्या नटाला मी हातच लावला न्हाई. ह्या चाकाची फकस्त हवा काढली."

"नाल्यातून वर काढताना कुनी लावली असंल?"

हे विचारता विचारताच तातेरावांनी खिळ्याच्या टोकानं एक खाच कोरली. आतून काळी माती निघाली. अंगणातली माती पांढरी होती. म्हणजे जीप नाल्यात पडली त्याच्या आधीच त्या खाचा तिथं होत्या, आणि नाल्याचा चिखल नंतर त्यांच्यात भरला होता.

ते उठून उभे राहिले.

"बद्रीनाथराव, तुमी कागद घातले, आन तुमच्या दादानं जीप काढली. त्याच्या मधल्या वेळात कुनीतरी ह्या नटाला पक्कड लावली."

४

बातमी ओसरीवर पोचायला वेळ लागला नाही. दुर्गाबाईनं तातेरावांना बाजूला बोलावलं. भुजंगराव मरण पावले त्याच्या आठ दिवस आधी, ती हळूच म्हणाली, त्यांनी कडूबाच्या थोबाडीत मारली होती. बैल लंगडा झाला म्हणून. सगळ्यांसमोर.

कडूबा गोठ्यात होता. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं या घरी सालगडी.

"मारलं व्हतं," तो म्हणाला. "दोन दिस मी बोललो न्हाई. मंग मालकानंच तंबाखू पुढं केली, म्हणले, घे बाबा, चुकलं माझं. मी घेतली."

"पक्कड वापरतोस का?"

"बैलाच्या खुराचा काटा काढाया. जीपच्या बाकाखालीच ऱ्हायची ती."

"त्या रात्री कुठं व्हतास?"

"मळ्यात. जवारीच्या राखनीला. चार दिस घरी आलोच न्हाई. मालक गेल्याचा निरोपबी तिथंच—"

त्याचं बोलणं पुरं झालं नाही. बद्रीनाथ दारात उभा होता. मार आणि पक्कड एवढंच त्याच्या कानांत शिरलं होतं, एरंडेल डोक्यात होतंच. वर्षभर स्वतःच्या हातांना दिलेला शाप एकाएकी दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत होता. त्यानं झेप घेऊन कडूबाची मानगूट धरली आणि त्याला गव्हाणीवर रेटलं. कडूबानं हातही उचलला नाही. बैल दावं ताणून फुरफुरायला लागले.

"ह्यानंच! ह्यानंच दादाला माझ्या!"

"सोडा!" तातेराव ओरडले. साठीतल्या माणसाच्या मानानं त्यांच्या मनगटात जोर होता. त्यांनी बद्रीनाथची बोटं एकेक करून उचकटली. "सोडा म्हनतो! आधी ऐका. मारायचं असतं तर नट सैल केला असता. हा नट आवळलेला हाय."

बद्रीनाथ धापा टाकत थांबला.

"नळीवरची रेघ आवळायच्या बाजूनं फिरलीय. दातबी त्याच बाजूनं घसरलेत. ज्यानं कुनी पक्कड लावली त्याला गळती थांबवायची व्हती. थांबलीबी असंल ती. पन दुसऱ्या पान्यानं नळी धरली न्हाई तर नटासंगं ती आख्खी पिळली जाते हे त्याला म्हाईत नव्हतं. मंग उतार लागला, ब्रेक जोरात दाबला, चाक वळलं, आन पिळलेली नळी तटकन फुटली." तातेरावांनी श्वास घेतला. "वैऱ्याचा हात न्हाई हा. भल्या मानसाचा हाय."

कडूबा गळा चोळत खाली बसला.

"गळती थांबवायची," बद्रीनाथ हळूहळू म्हणाला, "मंजे गळती दिसली पायजे. मंजे कागद..."

"येक कागद वला व्हता."

"पन दादा म्हणला—" तो थांबला. "न्हाई. दादा मला खोटं सांगणार न्हाई. न्हाई, मिस्तरी, दुसरं कुनी असंल. दादा न्हाई."

तो गोठ्याबाहेर पडला आणि जीपपाशी जाऊन उभा राहिला, आणि कुणालाही जवळ येऊ देईना.

५

तातेरावांनी मनात माणसं मोजली. त्या पहाटे दुर्गाबाई सेलूला, कडूबा मळ्यात, बद्रीनाथ तापात. गोजरबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मग भुजंगनं नट आवळताना पाहायला उरतं कोण?

चतुराबाई मागच्या दारी बसली होती. कालचंच सूप, कालचीच जवारी. तातेराव चार हातांवर, पायरीवर टेकले.

"बाई, येक इचारू? ते चाकाखालचे कागद मंग कुठं गेले?"

"चुलीत घातले," ती सूप न थांबवता म्हणाली. "जाळ धराया बरे असतात."

"समदे?"

"व्हय, तीनबी."

सूप थांबलं.

"चार व्हते, बाई," तातेराव म्हणाले.

परसातल्या शेवग्यावर कावळे बसले होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग सुपातल्या दाण्यांकडे.

"सडा तुमीच घालता न रोज?" तातेरावांनी आवाज चढवला नाही. "डाग दिसतो तो सडा झाल्यावर. पन आज सड्याचं पानी त्या डागाला वळसा घालून गेल्तं. घालनाऱ्याला डाग आधीच ठाऊक व्हता. आन कंचं चाक गळत व्हतं हे गावात कुनालाच ठाऊक नव्हतं, पोलिसायलाबी न्हाई. ज्यानं वला कागद डोळ्यानं पाह्यला त्यालाच ते ठाऊक असनार."

चतुराबाई उठली. तातेरावांना वाटलं ती निघून जाईल. पण ती आत गेली, पेटीचं झाकण वाजलं, आणि ती एक चौकोनी घडी घेऊन बाहेर आली. वर्तमानपत्राचा पिवळा पडलेला कागद. वरच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या कार्तिकातली तारीख. मधोमध एक गोल डाग, आरपार उतरलेला.

"माझ्याच्यानं जाळवला न्हाई," ती म्हणाली. "चला. त्याच्या म्होरंच सांगते."

६

बद्रीनाथ जीपच्या सावलीत बसला होता. चतुराबाईनं कागद त्याच्यापुढं जमिनीवर पसरला आणि स्वतः समोर बसली. दिराच्या इतक्या जवळ ती वर्षभरात बसली नव्हती. दुर्गाबाई, कडूबा, गोजरबाई, सगळे ओसरीवर आले.

"सडा घालाया उठले तर हा वला दिसला," ती म्हणाली. "ह्या चाकाखालचा. म्या ह्यायला दाखवला. म्हणलं, भावजींना उठवा. तर म्हणले, नगं, त्याला ताप हाय, दोन दिस राबलाय. आगगाडीचा टाइम झाला. बाकाखालची पक्कड काढली, खाली शिरले आन दोन पिळे मारले. म्या दुसऱ्या चाकाखालचा कोरडा कागद तितं ठिवला. च्या हुईस्तोर वाट पाह्यली. कोरडाच. मंग पेंडल दाबून बघितला, हासले. जाताना माझ्याकडनं वचन घेतलं, बद्रीला सांगू नको. त्याला वाटंल आपलं काम चुकलं."

बद्रीनाथ कागदाकडे बघत होता. डागाच्या कडेनं त्यानं बोट फिरवलं.

"वरीस झालं, वहिनी," तो म्हणाला. "आख्खं वरीस."

"व्हय."

"मला भाकर गिळंना. मी विहिरीच्या काठावर जाऊन बसायचो. तुमाला दिसत व्हतं समदं."

"दिसत व्हतं." तिनं पदर सावरला नाही, डोळेही पुसले नाहीत. "वचनाचं मी सांगते, पन तेवढंच न्हाई, भावजी. लोक तुमाला बोल लावत व्हते तवर माझ्या मानसाला कुनी नावं ठेवत नव्हतं. मेलेल्या मानसाला लोक येडा म्हणतील, सोताच्या हातानं मेला म्हणतील, ते मला ऐकवनार नव्हतं. म्हणून मी गप ऱ्हायले. मंग दसऱ्याला दोन दिस तुमी पानी प्यायचंबी सोडलं, तवा मी भ्याले. तोंडानं सांगायचं न्हाई असं वचन व्हतं. म्हणून तेल ठिवाया लागले, जितं थेंब पडला व्हता तितं. म्हणलं, तुमी जाणते हाव, येकडाव वाकून त्या चाकाकडं बघताल. पक्कडीचे दात दिसतील. तुमचं तुमाला कळंल."

तिनं कागदाची मुडपलेली कड सरळ केली.

"पन तुमी चाकाकडं बघितलंच न्हाई. रोज भुईकडंच बघत बसले. तरी मी ठिवत गेले. मला दुसरं काही सुचंना."

बद्रीनाथ एकदम उठला. त्यानं जीपच्या चेपलेल्या पत्र्यावर मूठ मारली, पुन्हा मारली.

"मला उठवायचं व्हतं त्यानं!" तो ओरडला. "लात मारून उठवायचं व्हतं! दोन पाने, दोन मिनटाचं काम व्हतं! आगगाडी थांबली असती, न्हाई तर गेली असती! दादा, तू मला खोटं कामून सांगितलं?"

भुजंगवर कुणी ओरडलेलं त्या घरानं वर्षभरात ऐकलं नव्हतं. मेल्यापासून तो फक्त फोटोत होता, दिव्यामागं. गोजरबाईनं कानावर हात ठेवले. दुर्गाबाई पुढं सरकली, पण तातेरावांनी हातानंच तिला थांबवलं. वर्षभर अडून राहिलेलं एकदाचं वाहत होतं, ते वाहून जाऊ द्यायला हवं होतं.

बद्रीनाथ मग थकला. चाकाला पाठ टेकून तो खाली बसला. ऊन ओसरीच्या पहिल्या पायरीवर आलं. तातेरावांनी पाने पुसून पिशवीत टाकले. त्यांचं इथलं काम संपलं होतं. पुढचं त्यांच्या अखत्यारीतलं नव्हतं. ते निघणार तोच बद्रीनाथनं मान वर केली.

"वहिनी," तो म्हणाला, "नट आवळताना दादा काय बोलला?"

चतुराबाईला पहिल्यांदा रडू कोसळलं.

"खाली पडून बोलत व्हते. म्हणले, चतुरा, हे बघ, आख्ख्या गाडीत एवढा येकच थेंब. शहरातला मिस्तरी आला असता तरी त्यानं चार ठेवले असते. म्हणले, आपला बद्री लई हुशार निघाला."

बद्रीनाथनं डोळे मिटले.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं.

"काय म्हणला?" ओसरीवरून गोजरबाईनं विचारलं. तिला धड ऐकू येत नव्हतं. "काय म्हणला माझा भुजंग?"

मग चतुराबाईनं उठून, ओसरीच्या कडेला जाऊन, सासूच्या कानाशी वाकून तिसऱ्यांदा सांगितलं, मोठ्यानं.